वरच्या खोल्यांतलं बिऱ्हाड

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या एका गावी माझं घर आहे. गाव म्हणायची जिभेला सवय, कागदोपत्री ते आता शहर झालंय. २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या, त्यात आमचीही झाली. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, गावाचे सतरा प्रभाग पडले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी बसले. पोळ्याचं तोरण मात्र अजून त्याच चौकात बांधतात.

मी दुसऱ्या गावच्या नगरपरिषदेत कर विभागात लिपिक होतो. तीस वर्षं मागणी नोंदवह्या, म्हणजे कोणत्या घराला किती कर याची रजिस्टरं, लिहिल्या, घरपट्टीच्या पावत्या फाडल्या, फेरफाराच्या फायली वर सरकवल्या. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात मला नियम माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

जून २०२४. मृगाचे दोन पाऊस पडून गेले होते. गोंदियाकडचं एक कुटुंब वरच्या दोन खोल्या पाहायला आलं. नवरा, बायको, सात वर्षांची पोरगी आणि सत्तरीची आजी. नवऱ्याने आमच्या इथल्या जिनिंगमध्ये दोन हंगाम फिटरचं काम केलं होतं. त्याच्या ध्यानात आलं की या भागात विहिरीवरच्या मोटारी फार जळतात. व्होल्टेज कमी, शेतकरी रात्रीच्या लाइनीत मोटर सुरू करून झोपी जातो, सकाळी वाइंडिंग गेलेलं असतं. मोटर भरून देणारे गावात दोघंच, हंगामात आठ-आठ दिवस थांबायला लावणारे. त्याने बसस्टँडमागे एक गाळा पाहिला आणि बिऱ्हाड हलवलं. भाडं अडीच हजार ठरलं. तो म्हणाला, "काका, कागद काही करायचा का?" मी म्हणालो, "कागदाचं काय घेऊन बसला बाप्पा, आपण आहो ना."

या वाक्याने त्याचे चार महिने खाल्ले.

लगेच मिळालं ते

शाळेचं एका दिवसात झालं. नगरपंचायत आली तरी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिली आहे. मुख्याध्यापकांनी पोरीला दोन शब्द वाचायला लावले आणि दुसरीच्या वर्गात बसवलं. टीसी, म्हणजे आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, मागाहून आली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात टीसीसाठी प्रवेश अडवता येत नाही, हे त्यांना पाठ होतं. पटसंख्या टिकवायची त्यांनाही निकड होती, हा भाग वेगळा.

घंटागाडी दुसऱ्या दिवशी दारात आली. ती कोणाला नाव विचारत नाही. ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवरचा पोरगा ओरडतो तेवढंच.

पाणी माझ्याच नळाचं. दिवसाआड येतं, एप्रिल-मेमध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी. आजीचा सगळ्यात जास्त अचंबा याच गोष्टीचा. त्यांच्याकडे तळ्यांचा मुलूख, आणि इथे ड्रमावर ताट झाकून पाणी राखायचं. डोळ्याला ती "डोरा" म्हणायची, आमच्याकडे "डोया". माझ्या नातवंडांना त्याची इतकी गंमत वाटायची की तिच्या डोळ्याला काही झालेलं नसताना दिवसातून दोनदा विचारायची.

अडलं ते

आधार कार्डावर पत्ता गोंदिया जिल्ह्यातला. गॅस एजन्सीने नवा पत्ता मागितला. बँकेने दुकानाच्या खात्यासाठी मागितला. रेशन दुकानदार म्हणाला, कार्ड इथलं करून आणा. मतदार यादीचं कोणी मागितलं नव्हतं, पण विधानसभा तोंडावर होती आणि प्रभागातले कार्यकर्ते मतं मोजत फिरत होते.

सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं: नगरपंचायतीचा रहिवासी दाखला आणा.

नगरपंचायतीच्या खिडकीवर त्याला तोंडी यादी मिळाली. घरमालकाचं संमतीपत्र, चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती, भाडेकरार, नगरसेवकाचं पत्र आणि शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. यातलं शेवटचं मागायलाच नको होतं. मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने असल्या कामांना स्टॅम्पवरच्या प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. पण खिडकीवर स्टॅम्प मागतात, कारण बाहेर स्टॅम्प मिळतो, आणि स्टॅम्प मिळतो म्हणून मागतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मीही मागितलेला आहे.

त्यातच जुलै उजाडला आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची झुंबड उडाली. तो महिना ज्यांनी तहसिलाबाहेर पाहिला त्यांना वर्णन नको. सेतू केंद्रापासून रांग थेट पानठेल्यापर्यंत. पहिल्या निर्णयात अधिवास प्रमाणपत्र मागितलं होतं, म्हणून बाया दाखल्यासाठी धावल्या. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ती अट सैल झाली. पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला, यातलं एक चालेल असं ठरलं. पण बातमी रांगेच्या मागे पडली.

आमच्या बिऱ्हाडातली बाई अशीच तीन दिवस रांगेत उभी राहिली. तिला हवा होता रहिवासी दाखला, आणि ती उभी होती अधिवासाच्या रांगेत. दोन्ही शब्दांचा अर्थ घरी एकच घेतात. रहिवासी दाखला म्हणजे तुम्ही आज कुठे राहता. अधिवास प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलात का. पहिला स्थानिक संस्थेचा, दुसरं महसूल खात्याचं. गोंदियाहून यवतमाळला आलेल्या माणसाचा अधिवास कुठे बदलतो? महाराष्ट्र तर तोच. चौथ्या दिवशी प्रभागातल्या अंगणवाडी सेविकेने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमच्या माहेरची टीसी आहे ना? मंग बस ना." तिचा अर्ज त्या दिवशी अंगणवाडीत बसून भरला गेला.

सरकारी यंत्रणेत त्या चार महिन्यांत या कुटुंबाला न विचारता बरोबर माहिती देणारी हीच एक बाई. तिच्या मानधनात हे काम धरलेलं नाही.

पावतीवरचं नाव

रहिवासी दाखल्यासाठी मी स्वतः त्याच्यासोबत गेलो. जुना कर्मचारी, दोन गोष्टी बोलून काम होईल, असा माझा होरा. संमतीपत्र मीच लिहून सही केली होती. घरपट्टीची पावती जोडली, एक पैसा थकबाकी नाही. खिडकीमागच्या पोराने पावती पाहिली, संमतीपत्र पाहिलं, पुन्हा पावती पाहिली.

"काका, सही तुमची. नाव दुसऱ्याचं."

"वडील आहेत माझे."

"मंग त्यायची सही आना."

"त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली."

पोरगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "मयत मानसाची संमती कशी घेऊ, काका? तुमीच सांगा."

तीस वर्षांत हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल.

ग्रामपंचायतीच्या काळात घरांची नोंद नमुना ८ च्या रजिस्टरला होती. (लोक त्याला आणि शेतीच्या खातेउताऱ्याला सर्रास एकच नाव देतात, "आठ अ", आणि मग चुकीच्या कचेरीत जाऊन भांडतात.) नगरपंचायत झाली तेव्हा ती नावं जशीच्या तशी नव्या मागणी नोंदवहीत उतरली. मेलेली माणसं उतरली, विकलेली घरं उतरली, एका घराला तर "मोठ्या विहिरीजवळचे घर" एवढंच नाव उतरलं. माझे वडील २००९ मध्ये गेले. वारस नोंद केली तर बहिणीची आणि भावाची संमती हवी. बहीण अमरावतीला, भाऊ पुण्याला. हक्कसोडाचा विषय दर दिवाळीला फराळाच्या ताटापर्यंत यायचा आणि कोणीतरी चकली मागायचं. वैर नव्हतं, घाई नव्हती. विजेचं मीटरही वडिलांच्याच नावाने चालू. बिल भरलं की महावितरणला मेलेला ग्राहक चालतो.

आणि भाडेकरार? त्यात माझी दुसरी गोम होती. ती कबूल करायला जास्त वेळ लागला. घरपट्टी वार्षिक भाडेमूल्यावर बसते. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. भाड्याचा आकडा कागदावर आला की पुढच्या चतुर्वार्षिक आकारणीत कोणीतरी तो उचलणार, हे मी जाणून होतो, कारण दुसऱ्यांचे मी उचलले होते. "आपण आहो ना" या वाक्यात आपुलकी होती, खोटं नाही. पण अर्धं वाक्य घरपट्टीचं होतं.

गावातले बहुतेक घरमालक असेच वागतात. कोणाच्या नावावर घर नाही, कोणाला आकारणीची भीती, कोणाला भाडेकरू चिकटून बसेल ही भीती. अकरा महिन्यांचा स्टॅम्प करून तो कपाटात ठेवणारे हुशार समजले जातात. अकराच का, तर एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते म्हणून. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ महिने मोजत बसत नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. भाडेकरूची नाही. नव्या माणसाला शहरात जागा मिळते ती घरमालकाकडून आणि पत्ता मिळतो तोही घरमालकाच्याच मर्जीने. कचेरीतल्या खिडकीला आपण शिव्या देतो, पण त्या खिडकीपर्यंत जायला लागणारा कागद माझ्या कपाटात होता.

नगरपंचायतीलाही मी सोडत नाही. माणूस इथे राहतो की नाही, एवढंच दाखल्यात सांगायचं असताना घरमालकाच्या घरपट्टीची पावती त्याला कशाला जोडायची? हे वसुलीचं हत्यार आहे. मार्चअखेर वसुलीची टक्केवारी वर पाठवायची असते म्हणून प्रत्येक दाखल्याला पावती बांधली जाते. मालकाची थकबाकी आणि अडतो भाडेकरू. माझ्या बाबतीत तर थकबाकीही नव्हती.

जे पहिल्या दिवसापासून उघडं होतं

सप्टेंबरात, वारस नोंदीच्या मागे लागलो असताना, मी एकेक नियम पुन्हा वाचायला घेतला. तेव्हा जे कळलं त्याने मला झोप लागली नाही.

रेशनचं कार्ड बदलायची गरजच नव्हती. एक देश एक रेशनकार्ड योजनेत कार्ड गोंदियाचं असलं तरी राज्यातल्या कोणत्याही दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावून धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. चार माणसं, वीस किलो, तीन महिने. साठ किलो धान्य या कुटुंबाने सोडलं, कारण दुकानदार "कार्ड इथलं करा" म्हणाला आणि मी मान डोलावली. दुकानदाराचा तरी दोष किती? त्याच्याकडे बाहेरचे अंगठे वाढले की महिनाअखेर त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला पोतं कमी पडतं, ही त्याची भीती. मी नियम दाखवला तेव्हा त्याने मुकाट्याने मशीन पुढे केलं.

कार्ड बदलताना मात्र एक गोष्ट पाहावी लागते. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० आहे. गावातून नगरपंचायतीत आलेला माणूस शहरी धरला जातो. त्यामुळे कार्ड बदललं की नाव कटेल ही त्याची धास्ती निदान या आकड्यांवरून तरी उलटी होती.

आधारचा पत्ता. आधार प्राधिकरणाचा एक छापील नमुना आहे. त्यावर फोटो लावून नगरसेवक सही-शिक्का देऊ शकतो, आणि तो कागद तीन महिने चालतो. ना घरपट्टी, ना वीजबिल, ना माझे वडील. आमचे नगरसेवक रोज सकाळी माझ्या ओट्यावर चहा पितात. त्यांना या नमुन्याची माहिती नव्हती. ते आपल्या लेटरहेडवर "सदर इसम माझ्या परिचयाचा आहे" असं लिहून द्यायचे आणि आधार केंद्रवाला ते परत करायचा. नमुना छापून आणला, सही झाली, नवऱ्याचा पत्ता बदलला. मग बायकोचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून मोबाइलवरच बदलून झाला. ही सोय जानेवारी २०२३ पासून आहे.

मतदार यादी त्याहून सोपी. नवीन नाव नोंदवायचा अर्ज क्रमांक ६, पण आधीच कुठे नाव असलेल्याने ठिकाण बदललं तर अर्ज ८. हे ऑगस्ट २०२२ पासून असंच आहे. कार्यकर्ते तरी सगळ्यांना ६ भरायला लावत होते. मग माणूस दोन याद्यांत, किंवा अर्ज नामंजूर होऊन एकीतही नाही. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारे केंद्रस्तरीय अधिकारी, आमच्या शाळेतलेच गुरुजी. ते घरी आले, वर जाऊन पाहिलं, खाली माझ्या घरात चहा घेतला, झालं. नगरपंचायतीच्या यादीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो ही अशीच एक गैरसमजूत. विधानसभेचीच यादी प्रभागांत वाटली जाते. २० नोव्हेंबर २०२४ ला नवरा-बायको दोघांनी इथल्या केंद्रावर मत दिलं. आजीने नाव हलवू दिलं नाही.

दुकानाचं तर हसू येईल असं. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तेव्हा नोंदणी लागत नव्हती, फक्त ऑनलाइन माहिती द्यायची होती. त्याच्या गाळ्यात कामगार तो एकटा. "परवाना काढून देतो" म्हणून एक जण त्याच्याकडून बाराशे रुपये घेऊन गेला होता.

नोंद

वारस नोंदीला मला अडीच महिने लागले. त्यातले नगरपंचायतीचे किती? लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली वारसाहक्काने हस्तांतरणाची नोंद १५ दिवसांत व्हावी लागते, कर उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला प्रत्येकी तीन दिवसांत. हा फलक कचेरीत लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडे तो आहे, फक्त त्याच्यासमोर कपाट ठेवलंय. अर्जाची पोच घेतली नाही तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, म्हणून लोक पोच मागतात आणि कर्मचारी "ठेवून जा, पाहतो" म्हणतात. मीही म्हणायचो. पोच मिळाली, १५ दिवस टळले तर पहिलं अपील त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, शेवटी सेवा हक्क आयोगाकडे. कसुरीला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे.

मला अपील करावं लागलं नाही. अर्ज पूर्ण झाल्यापासून तेराव्या दिवशी नोंद झाली. बाकीचे दोन महिने आमच्या भावंडांचे. बहिणीने फोनवर विचारलं, "एवढ्या वर्षांनी आता काऊन आठवलं तुले?" मी खरं सांगितलं, वरच्या भाडेकरूसाठी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबाचं नाव काढून टाकणार म्हण ना." संमती तिने दिली, पण स्वतः येऊन दिली, आणि बाबांच्या नावची शेवटची पावती मागून घेऊन गेली. ती तिच्या देवघरात आहे असं जावई सांगतात.

डिसेंबरात आम्ही भाडेकरार रीतसर नोंदवला. अडीच हजारांप्रमाणे अकरा महिन्यांचे साडेसत्तावीस हजार, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे हिशेबाने सत्तर रुपयांच्या आसपास. नोंदणीची फी वेगळी. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पची कामं पाचशेवर गेली. म्हणजे कपाटात ठेवायचा बिननोंदणीचा कागद आता आणखी महाग पडतो.

घरपट्टी वाढेल ती पुढच्या आकारणीत वाढेल.

आता त्याच्या दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग असते. रहिवासी दाखला त्याला अखेर मिळाला तेव्हा त्याची कुठेच गरज उरली नव्हती. त्याने तो प्लास्टिकमध्ये घालून गाळ्यात, हनुमानाच्या फोटोशेजारी लावला आहे.

आजीचं श्रावणबाळ या वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेचं मानधन, महिन्याला पंधराशे, अजून गोंदियाकडच्या तहसिलातूनच निघतं. दोन्ही तहसिलांत प्रकरण हलवायची चौकशी मी केली होती, अर्जाचा मसुदाही लिहिला होता. तिने तो घडी घालून उशीखाली ठेवला. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला तिला गावी जावं लागतं, आणि पोरगा नेऊन घालतो. परवा मी विचारलं, "आजी, तो अर्ज द्यायचा का?" ती म्हणाली, "देजो. घाई काय हाये?" आणि ड्रमावरचं ताट सरळ करून आत गेली.